होस्टनेम बदलण्याआधी: सर्व्हर सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर नावावर का अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या व्हर्च्युअल मशीनवर डेबियन लिनक्स टाकलं आणि मेल सर्व्हर बसवायला घेतला. इन्स्टॉलर म्हणाला, होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, पूर्ण (डोमेनसकट) नाही. मग होस्टनेमसीटीएल या आज्ञेने नाव बदललं, तर प्रत्येक सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करून देणारी आज्ञा) दहा-दहा सेकंद अडकायला लागलं. कुठेतरी वाचून /ईटीसी/होस्ट्स या नावं आणि पत्ते जोडणाऱ्या फाइलीत लोकलहोस्टच्या ओळीला शेवटी नवं नाव जोडलं. सुडो सुटलं, पण पूर्ण नाव सांगणारं होस्टनेम -एफ आता 'लोकलहोस्ट' एवढंच उत्तर देतं. आणि रीबूट केलं की जुनं नाव परत हजर. तर होस्टनेम नेमकं बदलायचं कुठे?

एकाच ठिकाणी बदलून भागत नाही. तुमच्या तक्रारीत तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी आहे. (आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन अंक.)

आपण 'होस्टनेम' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र बोलत असतो. पहिली, मशीन स्वतःला काय म्हणवते. हे नाव कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत असतं, युनेम -एन ते दाखवतं, आणि बूट होताना ते /ईटीसी/होस्टनेम या फाइलीतून भरलं जातं. दुसरी, ते नाव विचारलं की कोणता आयपी पत्ता मिळतो. हे काम रिझॉल्व्हरचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या भागाचं. तो आधी /ईटीसी/होस्ट्स बघतो, मग डीएनएसला, म्हणजे नेटवर्कवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतो. तिसरी, त्या पत्त्यावरून उलट विचारलं तर कोणतं नाव येतं. इन्स्टॉलर नावावर अडतो तेव्हा बहुतेक वेळा या तिघांचं आपसात पटत नसतं. होस्टनेमसीटीएल फक्त पहिल्या गोष्टीला हात लावतं. बाकी दोन जागच्या जागी राहतात आणि मग तुमच्यासारखं होतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी या चार ओळी चालवा आणि आलेली उत्तरं कुठेतरी टिपून ठेवा:

युनेम -एन
होस्टनेम -एफ
गेटेंट होस्ट्स आणि पुढे युनेमने दिलेलं नाव
डिग -एक्स आणि पुढे मशीनचा बाहेरचा आयपी

शेवटची ओळ उलट शोधाची. तिसऱ्या ओळीत मात्र गेटेंटच वापरा. नाव रिझॉल्व्ह होतं का हे बघायला लोक हमखास डिग किंवा एनएसलुकअप चालवतात. ते दोघे थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात, /ईटीसी/होस्ट्स उघडूनही बघत नाहीत. इन्स्टॉलर मात्र सी लायब्ररीमार्फत विचारतो, म्हणजे /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमधल्या 'होस्ट्स' या ओळीत जो क्रम आहे त्या क्रमाने. गेटेंटही त्याच वाटेने जातं. डिग म्हणतं नाव सापडत नाही आणि गेटेंट म्हणतं सापडलं, तर इन्स्टॉलरच्या दृष्टीने ते सापडलेलं आहे.

आता सुडोचं बघू. सुडोला नाव कशाला लागतं असं वाटेल. सुडोअर्सच्या, म्हणजे सुडो कुणाला चालेल हे ठरवणाऱ्या फाइलीच्या, नियमात 'कोणत्या मशीनवर' असा एक रकाना असतो, तो जुळवायला त्याला स्वतःचं नाव लागतं. नाव बदललं, होस्ट्स फाइलीत त्याची नोंद नाही, म्हणून विचारणा डीएनएसकडे गेली. तिथला सर्व्हर उत्तरच देत नसेल तर रिझॉल्व्हर मुळात ५ सेकंद वाट बघतो आणि २ वेळा प्रयत्न करतो. तुमचे दहा सेकंद तिथले. एक धडा यातून आपोआप मिळतो: होस्ट्स फाइलीत नव्या नावाची ओळ आधी घाला, नाव नंतर बदला.

ती ओळ कशी घालायची यात सगळी गोम आहे. तुमची ओळ आत्ता अशी दिसत असणार:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट मेल१

होस्ट्स फाइलीत पत्त्यानंतरचं पहिलं नाव हे अधिकृत नाव, त्यापुढची सगळी टोपणनावं. होस्टनेम -एफ कर्नलचं नाव घेतं, ते रिझॉल्व्हरला देतं आणि 'याचं अधिकृत नाव काय' असं विचारतं. रिझॉल्व्हरला मेल१ ज्या ओळीत सापडलं त्या ओळीचं अधिकृत नाव लोकलहोस्ट आहे, म्हणून तो तेच सांगतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही. ओळ अशी हवी:

२०३.०.११३.१० मेल१.एक्झाम्पल.कॉम मेल१

पूर्ण नाव आधी, छोटं नाव नंतर. हा क्रम उलटा लिहिलेला मी इतक्या मशीनवर पाहिला आहे की आता आधी तेवढंच तपासतो, बाकीचं मागून. लोकलहोस्टची ओळ वेगळी, एकटी, तिच्यात दुसरं काही मिसळायचं नाही. आयपीव्ही६ची लोकलहोस्टची ओळही काढून टाकू नका; ती नसली म्हणून अडणारी सॉफ्टवेअर आहेत.

पत्ता कोणता लिहायचा, यावर थोडं थांबायला हवं. डेबियन आणि उबुंटू इन्स्टॉल करताना १२७.०.१.१ अशी एक ओळ स्वतःहून घालतात. ज्या मशीनला कायमचा पत्ता नाही, तिचं नाव निदान स्वतःपुरतं तरी कुठेतरी रिझॉल्व्ह व्हावं म्हणून केलेली ती सोय आहे. लॅपटॉपला ती उत्तम. सर्व्हरला कायमचा पत्ता असेल तर त्या ओळीच्या जागी खरा पत्ता लिहावा, असं डेबियनचं स्वतःचंच मार्गदर्शन आहे. नाही लिहिला तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा: नाव मेल१.एक्झाम्पल.कॉम, आणि पत्ता मशीनच्या बाहेर कुणाला न दिसणारा.

कारण बरीचशी सर्व्हर सॉफ्टवेअर स्वतःचं नाव विचारतात, मिळालेला पत्ता घेतात आणि त्याच पत्त्यावर ऐकत बसतात. अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणाऱ्या हडूपमध्ये हे अगदी ठरलेलं आहे. नेमनोड (त्यातला मुख्य भाग) सुरू होतो, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि बाकीचे डेटानोड 'जोडता येत नाही' म्हणून ओरडत राहतात. कोणते पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकत आहेत ते दाखवणारं एसएस -एलएनटी चालवून बघा. पोर्टच्या आधी १२७.०.१.१ दिसलं तर फायरवॉलमध्ये उगाच तास घालवू नका. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. नोडचं नाव लूपबॅक (१२७ने सुरू होणारा, मशीनचा स्वतःपुरताच पत्ता) सोडून दुसऱ्या पत्त्यावर रिझॉल्व्ह झालं नाही तर त्याची पीव्हीई-क्लस्टर सर्व्हिस उठतच नाही, आणि /ईटीसी/होस्ट्समध्ये नोंद नाही का, असं लॉगमध्ये स्पष्ट विचारते. वापरकर्ते आणि लॉगिन सांभाळणाऱ्या फ्रीआयपीएचा इन्स्टॉलरही लूपबॅक पत्ता सरळ नाकारतो. जावावर लिहिलेल्या कुठल्याही सर्व्हरने 'अननोन होस्ट एक्सेप्शन' दिलं आणि पुढे तेच नाव लागोपाठ दोनदा छापलं, तर ते इंटरनेटवरचं कुठलं मशीन शोधत नाहीये, स्वतःलाच शोधतं आहे.

याउलट अपाची हा वेब सर्व्हर. सुरू होताना तो तक्रार करतो की सर्व्हरचं पूर्ण नाव खात्रीने ठरवता आलं नाही, म्हणून १२७.०.१.१ वापरतो आहे. ही फक्त सूचना आहे, तो चालतो. कॉन्फिगमध्ये सर्व्हरनेमची एक ओळ घातली की तो गप्प. एवढ्यासाठी अख्ख्या मशीनचं नाव बदलणारे लोक मला भेटले आहेत.

आणखी एक जागा, जिथे मी स्वतः पाऊण तास घालवला. ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, पत्ता बरोबर, नाव बरोबर, क्रम बरोबर, तरी गेटेंट काहीच देत नाही. कॅट कमांडला मोठा ए लावून फाइल बघितली, तर पत्ता आणि नाव यांच्या मध्ये रिकाम्या जागेऐवजी 'एम-बीएम-' असं काहीतरी दिसलं. ओळ एका चॅटमधून कॉपी केली होती, आणि तिच्यात साधी स्पेस नव्हती, न तुटणारी स्पेस होती. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. रिझॉल्व्हरला मात्र पत्ता आणि नाव मिळून एकच लांबलचक शब्द दिसतो, तो शब्द पत्ता म्हणून वाचता येत नाही, आणि तो ती ओळ मुकाट्याने सोडून देतो. तेव्हापासून होस्ट्सची ओळ मी हातानेच टाइप करतो.

आता नावाबद्दल. अक्षरं, अंक आणि हायफन, एवढंच. अंडरस्कोर नको, काही ठिकाणी तो खपतो आणि नेमका मेल सर्व्हरवर किंवा सर्टिफिकेट काढताना अडतो. नावाची सुरुवात अंकाने करायला १९८९ सालच्या आरएफसी ११२३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजापासून परवानगी आहे, तरी टाळलेलं बरं. कॅपिटल अक्षरं मुळीच नकोत, कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटीससारख्या ठिकाणी नोडचं नाव लहान लिपीतच लागतं. दोन टिंबांमधला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो, आणि लिनक्स कर्नल अख्खं नाव ६४ अक्षरांपर्यंतच ठेवतं. ही दुसरी मर्यादा लोक विसरतात. आपोआप तयार होणाऱ्या लांबलचक नावांना डोमेन जोडलं की ती ओलांडली जाते. शेवटी टिंब ठेवू नका. डीएनएसच्या झोन फाइलीत ते लागतं म्हणून हाताला सवय असते. पण होस्टनेममध्ये ते राहिलं की पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर इन्स्टॉल होतानाच मान टाकतो. 'स्वतःचं होस्टनेम वापरता येत नाही' अशा अर्थाची त्याची एरर बघून माणूस नेटवर्क तपासत बसतो, आणि चूक असते एका टिंबाची.

आतल्या नेटवर्कसाठी '.लोकल' हा शेवट घेऊ नका. २०१३ सालच्या आरएफसी ६७६२ने तो मल्टिकास्ट डीएनएसला (जवळच्या नेटवर्कवर मशीननी एकमेकींना थेट नाव विचारायची पद्धत) देऊन टाकला आहे, आणि बऱ्याच मशीनवर एनएसस्विचमध्ये अशी व्यवस्था असते की .लोकलचं नाव तिथे सापडलं नाही तर शोध तिथेच थांबतो, डीएनएसपर्यंत जातच नाही. मग डिगला सापडतं आणि सॉफ्टवेअरला सापडत नाही, असा घोळ. स्वतःच्या मालकीच्या डोमेनखाली एक उपडोमेन काढणं सगळ्यात निर्धोक. डोमेनच नसेल तर '.इंटर्नल' घ्या, डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने तो २०२४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवला आहे.

/ईटीसी/होस्टनेममध्ये छोटं नाव लिहायचं की पूर्ण, यावर दोन घराणी आहेत. डेबियनवाले छोटं नाव लिहितात आणि पूर्ण नाव होस्ट्स फाइलीतून मिळवतात. रेड हॅटच्या कुळात पूर्ण नाव लिहिण्याची रीत आहे. मला विचाराल तर ज्या मशीनवर एकच मोठं सॉफ्टवेअर बसणार आहे तिथे त्या सॉफ्टवेअरचं ऐका. फ्रीआयपीए आणि होस्टिंगचं सीपॅनेल पूर्ण नाव मागतात, तर तेच द्या. प्रॉक्समॉक्स नोडचं छोटं नाव वापरतो, तिथे डेबियनची रीत ठेवा. होस्ट्सची ओळ दोन्हीकडे तीच राहते.

उरलं रीबूट. सगळं नीट केलं, मशीन उठली आणि येरे माझ्या मागल्या. क्लाउडवरच्या किंवा तयार इमेजवरून काढलेल्या मशीनवर संशयित बहुधा एकच असतो, नवी मशीन लावून देणारा क्लाउड-इनिट. प्रत्येक बूटला तो होस्टनेम तपासतो आणि त्याला वाटतं ते पुन्हा बसवू शकतो. /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी या फोल्डरात ९९ने सुरू होणारी एक छोटी फाइल करा आणि तिच्यात दोन ओळी घाला:

प्रिझर्व्ह_होस्टनेम: ट्रू
मॅनेज_ईटीसी_होस्ट्स: फॉल्स

इथे एक खाच आहे. मशीन तयार करताना पुरवठादाराने किंवा तुम्हीच दिलेल्या यूजर-डेटामध्ये याच्या उलट लिहिलेलं असेल, तर त्याचं चालतं, तुमच्या फाइलीचं नाही. ओळखायचं कसं? /ईटीसी/होस्ट्स उघडा आणि वरच्या कॉमेंट वाचा. क्लाउड-इनिट ती फाइल सांभाळत असेल तर तसं तिथेच लिहिलेलं असतं, आणि कायमचा बदल कोणत्या टेम्प्लेट फाइलीत करायचा तेही. फाइलीत तळाशी ओळ जोडून बाहेर पडणाऱ्यांना त्या कॉमेंट कधी दिसतच नाहीत. मीही त्यातलाच होतो.

क्लाउड-इनिट नसेल तर मशीनला आपोआप पत्ता देणाऱ्या डीएचसीपीवर नजर टाका. नेटवर्क मॅनेजरवर होस्टनेमसीटीएलने ठरवलेलं कायमचं नाव असेल तर डीएचसीपीकडून आलेल्या नावाला भाव मिळत नाही. ते नाव नसेल किंवा लोकलहोस्ट असेल तर बाहेरचं नाव आत शिरतं. होस्टनेमसीटीएल नुसतं चालवलं आणि कायमचं नाव व तात्पुरतं नाव अशी दोन वेगळी नावं दिसली, तर घुसखोर सापडला.

डॉकरच्या कंटेनरमध्ये हे सगळे उपाय विसरा. तिथली होस्ट्स फाइल बाहेरून जोडलेली असते. फाइल जागच्या जागी बदलणारं सेड -आय वापरलं तर 'रिसोर्स बिझी' म्हणून हाकलून देतं, आणि हाताने बदलली तरी पुढच्या कंटेनरला नवी कोरी मिळते. नाव कंटेनर सुरू करतानाच होस्टनेमच्या पर्यायाने द्यायचं.

मेल सर्व्हरसाठी तिसरी गोष्ट, म्हणजे उलट शोध, सोडून चालणार नाही. बाकीच्या सॉफ्टवेअरला आतली होस्ट्स फाइल पुरते, पण समोरचा मेल सर्व्हर तुमची होस्ट्स फाइल वाचत नाही. तो तुमच्या आयपीवरून पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) विचारतो, मिळालेलं नाव पुन्हा पत्त्यात फिरवतो आणि फेरी जुळते का बघतो. नाही जुळली तर पत्र स्पॅममध्ये किंवा दारातूनच परत. इथे नेहमीचा गैरसमज असा की पीटीआर आपल्या डोमेनच्या डीएनएस पॅनेलमध्ये घालायची. तिथे तिचा काही उपयोग नाही. तो आयपी ज्याच्या मालकीचा, म्हणजे सर्व्हर देणारा, त्याच्याच पॅनेलमध्ये ती सोय असते, नाहीतर त्याला लिहून मागावी लागते. आणि तुमच्या डोमेनला वाइल्डकार्ड नोंद (कुठल्याही उपनावाला उत्तर देणारी) असेल तर जपून: चुकीचं टाइप केलेलं होस्टनेमही आनंदाने रिझॉल्व्ह होतं, फक्त भलत्याच पत्त्यावर.

हे सगळं इन्स्टॉल करण्याआधी करायचं, यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. एकदा भर दुपारी संदेशांच्या रांगा (क्यू) सांभाळणाऱ्या चालू रॅबिटएमक्यू सर्व्हरचं नाव मी 'जरा नीटनेटकं' करायला घेतलं. सर्व्हिस पुन्हा सुरू झाली, एरर नाही, आणि सगळ्या क्यू रिकाम्या. काही क्षण पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं की रॅबिटएमक्यू नोडचं नाव 'रॅबिट@होस्टनेम' असं बनवतो आणि त्याच नावाचं डेटा फोल्डर उघडतो. नवं नाव, म्हणून नवं रिकामं फोल्डर. जुना डेटा शेजारच्याच फोल्डरात शाबूत होता. जुनं नाव परत दिलं आणि तो आला. प्रॉक्समॉक्स नोडचं कॉन्फिगरेशन नोडच्या नावाच्या फोल्डरात ठेवतो, मायएसक्यूएलच्या रेप्लिकेशनमध्ये रिले लॉगच्या फाइलींना मुळात होस्टनेमच लागतं. इन्स्टॉल होताना नाव असं कोपऱ्याकोपऱ्यात मुरतं, आणि मागून कुणाला सगळे कोपरे आठवत नाहीत.

तर तुमच्या मशीनवर क्रम असा ठेवा. आधी क्लाउड-इनिटचा बंदोबस्त, मग होस्ट्सची ओळ, मग होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम, मग रीबूट. नाव बदलल्यावर प्रॉम्प्टमध्ये जुनंच दिसलं तर घाबरू नका, बॅश ते सुरू होतानाच वाचून ठेवतं. रीबूटनंतर वरच्या चारही ओळी पुन्हा चालवा आणि टिपून ठेवलेल्या उत्तरांशी ताडून बघा. पीटीआरला नवं नाव धरायला वेळ लागू शकतो. पण पहिली तीन उत्तरं बरोबर असतील तर इन्स्टॉल थांबवायची गरज नाही.

अर्धवट अडकलेलं पॅकेज मात्र तसंच पडून असणार. पुसून पुन्हा टाकण्याआधी, अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करणारं डीपीकेजी --कॉन्फिगर -ए एकदा चालवा. पोस्टफिक्स नावामुळेच अडला असेल तर तो तिथून पुढे सुटतो. मग पोस्टकॉन्फ मायहोस्टनेम मायडेस्टिनेशन एवढं विचारून बघा. पहिल्या प्रयत्नातलं लोकलहोस्ट किंवा जुनं नाव मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या कॉन्फिग फाइलीत लिहिलं गेलं असेल तर ते आपोआप बदलत नाही, तिथे हातानेच दुरुस्त करावं लागेल.